आक्कांची पाठ

आक्कांचा चेहरा आठवायला मला जरा वेळ लागतो. पाठ मात्र लख्ख आठवते. कारण ही बाई माणसाशी बोलायची ती पाठ करूनच. तुम्ही काही विचारलंत की त्या चालायला लागायच्या आणि उत्तर पुढून, वाऱ्यावरून यायचं. ऐकायचं असेल तर मागं मागं जा, नसेल तर राहिलं. पहिल्यांदा हा प्रकार माझ्या वाट्याला आला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भोरच्या कोर्टात वकिली करते. समोरच्यानं माझ्या तोंडाकडं बघून बोलावं, एवढी तर अपेक्षा असतेच ना! मी ओरडले, "अहो आक्का, मी इकडं उभी आहे!" तर पुढून उत्तर आलं, "मंग या की मागनं. वाट काय तुमच्या बापाची हाय व्हय अडवून धरायला?"

ही सवय कुठून लागली ते नंतर कळलं. पासलीच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. घर मेंढरांचं. पाऊस धरला की कळप घेऊन पुरंदरच्या बाजूला जायचं, दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात. मेंढरांमागं पुरुष आणि घोड्यापुढं बाई, ही त्यांच्यातली वाटणी. घोड्यावर सगळा संसार लादलेला: भांडी, घोंगड्या, वाटेत जन्मलेलं कोकरू, पाय बांधलेल्या कोंबड्या. दोरी धरून आक्का पुढं आणि घोडी मागं. चालताना वळून बघायचं नाही, हा आक्कांचा कायदा. "मागं बगितलं की ती थांबती," त्या सांगायच्या. "तिला वाटतं, ह्या बाईलाच वाट ठावं न्हाई." सबंध आयुष्य असं पुढं बघत चालण्यात गेलेलं, मग माणसांशी बोलताना मान वळवण्याचे कष्ट कोण घेणार?

त्या घोडीचं नाव मुंगी. ठेंगणी, मातकट रंगाची, पोट जरा सुटलेलं, कपाळावरची झुलपं डोळ्यांवर आलेली. रांगेत चालायची म्हणून मुंगी. आक्कांच्या पाठीवर नजर ठेवून ती कुठंही गेली असती. ओढ्यातून, कड्यावरून, एसटीच्या तोंडाशीसुद्धा.

आता मी मध्ये कशी आले ते सांगते. पंचेचाळिशी उलटल्यावर बायका योगासनं करतात, भिशी लावतात, भजनाला जातात. माझ्या डोक्यात घोडेस्वारी शिरली. बाररूममध्ये ही बातमी फुटली तेव्हा सगळे काळे कोट महिनाभर खिदळत होते. "मॅडम, पुढचा दावा घोड्यावरूनच दाखल करणार का?" करीन, म्हटलं, आणि तुमच्या अंगावर घालीन. वेल्ह्याच्या पुढं, पासलीकडं जाणाऱ्या रस्त्याला, शहरातल्या एका साहेबांनी रायडिंग क्लब काढला होता. पांढरे कठडे, लाल मातीचं मैदान, कॉफीचं मशीन. दर रविवारी भोरहून स्कूटर काढायची, मार्गासनीला चहा घ्यायचा आणि पुढं क्लब गाठायचा. नवशिक्यांना तिथं पहिल्या दिवशी हेल्मेट देतात, ज्याच्या आत आधीच्या दहा जणांचा घाम असतो, आणि दुसऱ्या क्षणापासून ओरडायला सुरुवात करतात. टाचा खाली! नजर वर! कोपरं आत! अहो, मी माणूस आहे, घडीची खुर्ची नव्हे. एवढं सगळं एकाच वेळी कसं करणार?

पहिल्यांदा मला दिला तो उंच तपकिरी घोडा. स्टुलावर चढून बसावं लागायचं. तो माझ्याकडं मान वळवून असा बघायचा की जणू मी तारीख चुकवून आलेय. तीन रविवार तो जागचा हलला नाही आणि तिन्ही रविवार कोच मलाच बोलला. साहेबांना नवशिक्यांसाठी एखादी ठेंगणी, गरीब घोडी रविवारपुरती भाड्यानं हवीच होती. कुणीतरी आक्कांचं नाव सुचवलं. चौथ्या रविवारी फाटकातून एक पाठ आत आली, हिरवं नऊवारी आणि डोक्यावर पांढरं फडकं, आणि तिच्या मागं मुंगी.

आक्का गरीब स्वभावाच्या वगैरे होत्या असं कुणी समजू नका. एक नंबरच्या भांडकुदळ. कठड्यावर बसून त्या सगळ्यांचे दोष काढायच्या. साहेबांच्या दोन लाडक्या घोड्यांना त्यांनी अनुक्रमे 'म्हातारा' आणि 'चोंबडा' अशी नावं ठेवली होती. आणि सल्ले द्यायची भारी हौस! "रिकिबीत पाय कशाला आडकवून बसता? सोडा मोकळं, म्हंजी बसायला मऊ," असं त्यांनी एकदा मला सांगितलं. मी खुळ्यासारखं ऐकलं, मुंगीनं शिंक दिली आणि मी मातीत. कोच धावत आला. मी अंगावरची माती झटकत आक्कांना म्हटलं, "तुम्ही स्वतः कधी बसलाय का घोड्यावर?" तर म्हणतात कशा, "म्या कशाला बसू? घोडं वजं न्यायला असतं." म्हणजे मी वजं! वर पडल्याचा दोष कोचला, कारण त्यानं म्हणे शिंक येताना बघितली नाही.

एकदा मात्र त्या बसल्या. शिकवणी संपली होती, साहेब कुठंतरी गेले होते आणि आम्ही बायका चहा पीत होतो. आक्कांनी माझं हेल्मेट उचललं, फडक्यावरूनच घातलं आणि स्टुलावर चढून सरळ मुंगीच्या पाठीवर बसल्या. चेहऱ्यावर असा तोरा, जणू वरात निघाली. मुंगी मात्र उभ्याउभ्या भिरभिरायला लागली. डावीकडं वळली, उजवीकडं वळली, स्वतःभोवतीच गोल फिरली. मान लांब करून फाटकाकडं बघितलं, मग कठड्याकडं बघितलं आणि खिंकाळली. आम्हाला कळेना, हिला झालं काय. मग लक्षात आलं की ती आक्कांना शोधत होती. आक्का तिच्या पाठीवर बसलेल्या, आणि तिला समोर त्यांची पाठ दिसत नव्हती. आम्ही पोट धरधरून हसलो. आक्का काही हसल्या नाहीत. आमच्यावरच खेकसल्या, "दात काय काढताय? उतरवा मला. तिला काळजी लागलीया."

त्याच सुमाराला त्यांच्या धाकट्यानं, बाळूनं, टेम्पो घेतला. मेंढरं आता टेम्पोतून जाणार, घोडीची गरज संपली. इथवर ठीक होतं. पण पुढं ठरलं की वाडीच बंद करायची. कळप घेऊन बाळू कायमचा पुरंदरच्या बाजूला जाणार आणि आक्कांनी लेकीकडं, फलटणला, दोन खोल्यांच्या घरात राहायचं. मग मुंगीचं काय? व्यापारी आला, दात बघून गेला. वीटभट्टीला घोडी लागतात म्हणाला. आक्कांनी हे मला सांगितलं ते चालता चालता, अर्थात पाठ करून, आणि नेहमीपेक्षा भरभर चालत. "भट्टीवर लई जनावरं बगितली म्या. वजं लादत्यात आणि मागनं हाकत्यात. हिला मागनं हाकल्यालं ठावंच न्हाई, बाई. ही उभी ऱ्हाईल. आणि उभं ऱ्हायलं की मार."

मी घ्यावं मुंगीला, असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. बोलूनही दाखवलं. भोरात मी दुसऱ्या मजल्यावर राहते. आक्का म्हणाल्या, "आणि दिसभर तिनं कुणाची पाठ बगायची? कोर्टात नेणार हाय तिला?"

मग आक्कांनी साहेबांना गाठलं. आयुष्यात कुणापुढं हात न पसरलेली बाई, पण त्या दिवशी कठड्यापाशी उभ्या राहून सरळ म्हणाल्या, "साहेब, मुंगीला ठिऊन घ्या. वैरण कमी खाती. पोरं बसवा, बाया बसवा. कुणाला पाडणार न्हाई." साहेब हसले. साहेबांचं हसू म्हणजे दात दिसतात, माणूस दिसत नाही. म्हणाले, "पुढच्या महिन्यात आपला शो आहे. नवशिक्यांच्या गटात ही घोडी स्वार घेऊन नीट एक फेरी मारू दे. मारली, तर ठेवली." आम्ही चार जणी ऐकत होतो. मी तिथल्या तिथं म्हटलं, "साहेब, शब्द?" ते म्हणाले, "शब्द." आणि नवशिकी स्वार म्हणून पुढं झाले मी.

तर अशी ती अट. एक फेरी. शहाण्या घोड्याला पाच मिनिटांचं काम. पण मुंगीला पुढं आक्का हव्यात, आणि स्पर्धेत घोड्यापुढं माणूस चालत नाही, चालवून घेत नाहीत. लहान पोरांच्या गटात दोरी धरून माणूस चालतो, ते नियमात बसतं. मी विचारलं, मोठ्यांना का नाही? पंचेचाळिशीत पहिल्यांदा घोड्यावर बसलेली बाई पोरच असते की! तर म्हणे वयाची अट आहे.

आम्ही मग आमचा मार्ग काढला. आधी आक्का अगदी पुढं चालायच्या. मग दोन हात लांब. मग कठड्याच्या कडेनं. मग एके दिवशी कठड्याच्या पलीकडून. मुंगीनं कान टवकारले, कठड्याच्या फटीतून पलीकडचं हिरवं लुगडं बघितलं आणि चालायला लागली. बाहेरून आक्का, आतून आम्ही दोघी. दुडकी चाल यायची तिथं आक्का बाहेर पळायच्या. त्या वयात, ओचा खोचून! मी वर उठबस करत असायची, जिला घोडेस्वारीत फार मोठी विद्या मानतात, आणि कठड्यापलीकडून आवाज यायचा, "बाई, नुसती उठबस काय लावलीया, शाळंतल्या मास्तरांनी शिक्षा दिल्यागत? बसा की निवांत!"

शोच्या आधी क्लिनिक होतं. क्लिनिक म्हणजे शिबिर. बाहेरून कुणी तज्ज्ञ येतो, दोन दिवस ओरडतो आणि निघून जातो. हा तज्ज्ञ गोरागोमटा, तरुण, काळा चष्मा लावलेला. त्यानं मुंगीकडं एकदा बघितलं आणि इंग्रजीतून जाहीर केलं की ही घोडी प्रॉब्लेम आहे. मग त्याचं लक्ष कठड्यापलीकडं गेलं. "त्या बाईंना बाहेर काढा. घोड्याला स्वाराचं ऐकू दे." आक्कांना फाटकाबाहेर घालवलं. मुंगी फाटकाच्या दिशेनं तोंड करून थिजून गेली. त्यानं मला चाबूक दिला. "मारा." मी म्हटलं, "कशाबद्दल?" तो म्हणाला, "तिला कळू दे मालक कोण आहे ते." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तिला मालकीण कोण ते चांगलं माहीत आहे, म्हणून तर फाटकाकडं बघतेय. तुम्हालाच कळत नाहीये!" आणि मी उतरले. शिबिरातून मला काढून टाकलं. फी परत मागितली नाही, कारण तेवढा वेळ त्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नव्हती. फाटकाबाहेर आक्का बसल्या होत्या. मी तावातावानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याचा चष्मा मातूर झ्याक हाय." मला इतका राग आला, की हसूच फुटलं.

शोच्या सकाळी मी आधी पंचांकडं गेले. शहरातल्या बाई, मोठी टोपी घातलेल्या, बोलायला बऱ्या. मी स्पष्ट विचारलं, "कठड्याच्या बाहेरून कुणी चालत गेलं तर चालेल ना?" त्या म्हणाल्या, "बाहेर कोण चालतंय याच्याशी आम्हाला काय करायचंय? आत यायचं नाही, हात लावायचा नाही." दोन साक्षीदारांसमोर विचारलं होतं मी. वकिली उगाच नाही केली इतकी वर्षं.

मैदानाला जत्रेची कळा आली होती. मंडप, भोंगे, वडापावची गाडी, पांढऱ्या तंग विजारीतली शहरातली पोरं, आणि त्या पोरांपेक्षा घाबरलेल्या त्यांच्या आया. गडावर निघालेली ट्रेकवाली मंडळीसुद्धा गंमत बघायला थांबली होती. आक्कांनी मुंगीला खरारा करून, झुलपं विंचरून, तेलाचा हात लावून आणलं होतं. स्वतः नवं लुगडं नेसल्या होत्या. मी माझ्या नव्या बुटांत टाचा घासत उभी. आक्कांनी मुंगीच्या कपाळाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला आणि मला म्हणाल्या, "बाई, तुमी काय बी करू नगा. निस्तं बसा. आमी दोघी बगतो."

भोंग्यावरून नाव पुकारलं. आधीच्या घोड्यांची नावं राजेरजवाड्यांची, इंग्रजी. आमचं आलं 'मुंगी' आणि मंडपात हशा पिकला. हसा म्हटलं, हसा. आत शिरलो. कठड्यापलीकडं आक्का चालायला लागल्या आणि मुंगी चालायला लागली. पहिली बाजू पार पडली. कोपरा सुरेख घेतला. दुसऱ्या बाजूला दुडकी. आक्का पळाल्या, मुंगी दुडकली, मी उठबस केली, आणि खोटं कशाला सांगू, मला वाटलं आपण आता लंडनला जायला हरकत नाही. तिसरी बाजू मंडपाची. अर्ध्यावर पोचलो आणि मुंगी थांबली.

मी पायानं टोचलं, आवाज दिला. हलायला तयार नाही. मी बाहेर बघितलं. मंडपापुढं पाहुण्यांसाठी लाल दोरी बांधली होती, सोफे मांडले होते, आणि दोरीपाशी एक गार्ड हात आडवा करून आक्कांना अडवत होता. "मावशी, हितनं न्हाई. पावणं बसल्यात. मागं व्हा." आक्का म्हणत होत्या, "लेका, सोड, माझी घोडी थांबलीया." तो म्हणत होता, साहेबांची ऑर्डर आहे. सकाळपासून तिथं दोरी नव्हती! पाहुणे उशिरा आले म्हणून मधेच बांधलेली. आक्का थांबल्या म्हणून मुंगी थांबली. तिची चूक एवढीच की ती शिकवल्याप्रमाणे वागली. आणि बेल वाजली. बाद.

भोंगा म्हणाला, स्वारानं मैदान सोडावं. मी सोडलं नाही. आणि आक्का कठड्याखालून वाकून सरळ आत आल्या. गार्ड ओरडतोय, भोंगा ओरडतोय, त्यांचं लक्ष नाही. लगाम हातात घेतला, पाठ केली आणि चालायला लागल्या. मुंगी मागं. तिसरी बाजू, कोपरा, चौथी बाजू. शेवटच्या तुकड्यात दुडकी होती, तर आक्का तिथंही पळाल्या. ट्रेकवाली पोरं शिट्ट्या मारत होती, वडापाववाला गाडी सोडून कठड्याशी आला होता. जिथनं आत गेलो होतो तिथं आम्ही परत येऊन थांबलो. फेरी पुरी.

मी उतरले ती थेट साहेबांसमोर. "साहेब, फेरी झाली. शब्द." ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाद झाला होतात." मी म्हटलं, "दोरी तुमची, गार्ड तुमचा, पाहुणे तुमचे. अडवलं तुम्ही आणि बाद घोडी? पंचांना विचारून चाललो होतो आम्ही!" पंच बाई म्हणाल्या, बाहेर काय झालं ते त्यांच्या अखत्यारीत येत नाही. सकाळी येत नव्हतं म्हणून परवानगी, आणि आता येत नाही म्हणून न्याय नाही. वा! साहेब म्हणाले, "आणि तसंही, ज्या घोडीला पुढं माणूस लागतो तिचा आम्हाला उपयोग काय?" मी म्हटलं, "नवशिक्याला पहिल्या दिवशी दोरीनंच फिरवता ना? तिथं लागेल. या बाईंना ठेवा कामाला, घोडीसकट. घरी बसवणार आहेत त्यांना." साहेबांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, हे कोर्ट नाही." कोर्ट असतं तर मी त्यांना उभं सोललं असतं! पण नव्हतं. चार बायकांसमोर दिलेला शब्द होता, आणि त्याला कुठं स्टँप लागतो? मी इतकी बोलले, इतकी बोलले की माझा आवाज बसला. आणि ते सगळं ऐकून त्या माणसानं कुणाला तरी सांगितलं, यांना सहभागाची फीत द्या.

निळी, चकचकीत फीत. आक्कांनी उलटीपालटी करून बघितली. "ही काय?" मी म्हटलं, "भाग घेतल्याबद्दल." त्या म्हणाल्या, "भाग घिऊ कुठं दिला?" आणि फीत तिथंच कठड्यावर ठेवून त्या मुंगीला घेऊन निघून गेल्या.

पुढच्या रविवारी बाळूचा फोन आला की आज घेऊन जाणार आहेत, आई तुम्हाला बोलावतीय. मी गेले. पासलीच्या रस्त्याला, वाडीच्या खालच्या अंगाला टेम्पो उभा होता. व्यापारी होता, त्याची दोन माणसं होती. बाळू एका बाजूला दगडावर बसून जमीन उकरत होता. त्याच्यावर ओरडायची मी वाटेत तयारी करून आले होते, पण त्याचं तोंड बघून ते राहून गेलं.

टेम्पोला मागनं फळी लावली होती. मुंगीनं फळीकडं बघितलं आणि चारी पाय रोवले. एकानं पुढून म्होरकी ओढली, दुसऱ्यानं मागून रेटलं. ती हलेना. मान लांब झाली, डोळे पांढरे झाले, पण पाय जागचे हलले नाहीत. मला मनातून असा आनंद झाला म्हणून सांगू! राहा उभी, म्हटलं, बये, राहा अशीच. संध्याकाळपर्यंत राहा. कंटाळून जातील मुडदे. एक जण टेम्पोच्या टपावरनं काठी घेऊन आला.

तेव्हा आक्का पुढं झाल्या. "व्हा बाजूला," एवढंच म्हणाल्या. माणसाच्या हातातली दोरी घेतली, पाठ केली आणि फळीवर पाय ठेवला. मी ओरडले, "आक्का, नका!" त्यांनी ऐकलं नाही. वर चढल्या. मुंगीनं फळी हुंगली, एक खूर ठेवला, दुसरा ठेवला आणि त्यांच्या मागं मुकाट्यानं टेम्पोत गेली. कुणाला हात लावावा लागला नाही.

आत वळायला जागा नव्हती. आक्कांनी तिला पुढच्या कडीला बांधलं आणि तिच्या अंगाला अंग घासत, पोटाशी आकसून, कशाबशा मागनं बाहेर आल्या. फाळका लागला. मी भांडायलाच सुरुवात केली. काय करणार, मला दुसरं येत नाही. म्हटलं, "का चढलात? तुम्ही चढला नसतात तर ती जन्मात चढली नसती! तुम्ही, आक्का, तुमच्या हातानं दिलीत तिला!" माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आवाज चढत होता.

आक्कांनी पदरानं हात पुसले. "काठी खाऊन चढली असती, बाई. चढिवल्याशिवाय सोडत्यात व्हय ते?" म्हणाल्या. "आता तिला वाटतंय, म्या म्होरं हाय. भट्टी येस्तवर तरी वाटू दे."

टेम्पो सुरू झाला. वेल्ह्याकडच्या वळणाला गेला तरी आतून मुंगीचं खिंकाळणं ऐकू येत होतं. ती पुढच्या कडीकडं तोंड करून आक्कांना हाका मारत होती, आणि आक्का तिच्या मागं, रस्त्यावर उभ्या होत्या.